आधी विचारा, हवा कोण भरणार?

(दृश्य: सकाळ. मोटारीची उघडी डिकी. हातमोजे, तोंडावर बांधायचा मुखवटा, जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी.)

टॉवेलातली ही वस्तू माझ्या भाच्याने गेल्या महिन्यात ४० डॉलरला घेतली. पेंटबॉल म्हणजे एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायचा खेळ. कुणीतरी तो सोडला होता, त्याची जुनी हवेची टाकी. गोळ्या सुटतात त्या हिच्यातल्या हवेच्या जोरावर. दिसायला झकास. काळी, कार्बन फायबरची, ओरखडासुद्धा नाही. मैदानावर हवा भरणाऱ्या पोराने ती हातात घेतली, गोल फिरवली, लेबलवर एका जागी अंगठा ठेवला आणि "सॉरी" म्हणून परत दिली. हवा भरली नाही.

टाकी माझ्या भाच्यापेक्षा वयाने मोठी निघाली. कार्बनच्या बहुतेक टाक्यांना बनल्यापासून १५ वर्षांचं आयुष्य असतं. ते संपलं की टाकी कितीही नवी दिसो, तिच्यात हवा भरत नाहीत. भाच्याचे ४० डॉलर पाण्यात. नशीब, तेवढ्यावरच निभावलं.

म्हणून आज आम्ही दुसऱ्यांदा आलोय. पेनसिल्व्हेनिया, नोव्हेंबर महिना, बाहेर ५ अंश. पानं गळून गेलेलं जंगल, मधेच हवा भरून फुगवलेले रंगीत आडोसे. भाच्याला टाकी घ्यायची आहे, आणि मावशीला कॅमेरा घेऊन त्याच्या मागे हिंडायचं आहे.

(दृश्य: मार्कर जवळून. मागच्या बाजूला टाकी आटे फिरवून बसवली जाते.)

इथे बंदूक म्हणत नाहीत, मार्कर म्हणतात. म्हणजे खूण करणारा. नाव उगाच पडलेलं नाही. नेल्सन नावाची रंग बनवणारी अमेरिकन कंपनी आहे. जंगलात कोणतं झाड तोडायचं यावर लांबूनच खूण करता यावी म्हणून त्यांनी रंगाच्या गोळ्या मारणारं एक पिस्तूल बाजारात आणलं. गुराख्यांनी ते गुरांवर खुणा करायला वापरलं. आणि २७ जून १९८१ला न्यू हॅम्पशरमधल्या हेनिकर गावाच्या जंगलात १२ जणांनी ते एकमेकांवर रोखलं. पेंटबॉलचा पहिला खेळ तो. जिंकला कोण, तर जंगलातच काम करणारा रिची व्हाइट. त्याने सगळे झेंडे गोळा केले आणि एकही गोळी झाडली नाही. भाच्याला हा किस्सा मुळीच आवडत नाही.

त्या पिस्तुलात बोटाएवढी पोलादी नळी असायची, १२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड भरलेली. सोड्याच्या सायफनला लावतात त्याच जातीची. पुढे त्या नळीची बाटली झाली, आणि बरीच वर्षं हा खेळ कार्बन डायऑक्साइडवर चालला. अजूनही काही जण तोच वापरतात. स्वस्त पडतो. पण त्याची खोड समजून घ्यायची तर आपल्याकडच्या लग्नातला आचारी आठवा.

पंगतीचा स्वयंपाक चालू असताना आचारी गॅसचा सिलिंडर पाण्याच्या घमेल्यात उभा करतो. कारण आत द्रव असतो, त्याचा वायू होताना तो सिलिंडरची ऊब ओढून घेतो, सिलिंडर गार पडतो, दाब उतरतो आणि शेगडी मंदावते. कार्बन डायऑक्साइडच्या बाटलीतही द्रवच असतो. म्हणून ती दाबावर नाही, वजनावर भरतात: ९ औंस, १२ औंस, २० औंस. २१ अंशांना आतला दाब साधारण ८५० पीएसआय, म्हणजे टायरची हवा मोजतात त्या मापात. आजच्यासारख्या ५ अंशांच्या सकाळी तोच पावणेसहाशेच्या आसपास येतो. त्यात भराभर गोळ्या झाडल्या की बाटली आणखी गारठते, आणि गोळी समोरच्यापर्यंत पोचायच्या आधीच मान टाकते. मार्कर खाली झुकवला तर द्रवच आत शिरतो, पांढरा धूर निघतो, आतले रबरी छल्ले कडक होतात.

उन्हाळ्यात उलटं. ३१ अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड द्रव राहतच नाही, आणि दाब झपाट्याने चढतो. विदर्भातल्या मे महिन्यात अशी भरलेली बाटली मोटारीच्या डिकीत विसरायची नाही, एवढं सांगितलं तरी पुरे.

साध्या हवेचं तसं नाही. ती आत हवा म्हणूनच राहते. थंडीने तिचा दाब थोडा उतरतो, पण बाहेर येताना रेग्युलेटर तो एका आकड्यावर धरून ठेवतो. नव्वदच्या दशकात खेळाडू हवेकडे वळले ते यासाठी.

(दृश्य: दुकानातली मांडणी. टाक्यांची रांग.)

दुकान मैदानाला लागूनच आहे. प्रत्येक टाकीवर अपूर्णांकासारखे दोन आकडे: ४८/३०००. ६८/४५००. १३/३०००. पहिला आकडा आतली जागा, घन इंचात. दुसरा दाब, पीएसआयमध्ये. पंक्चरवाल्याकडे आपण "पुढे तीस, मागे बत्तीस" म्हणतो ना, तेच माप. इथे तीस नाही, तीन हजार. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने ही टाकी भरायचा विचारही करू नये, तो दीडशेच्या पुढे जेमतेम जातो.

४८ घन इंच म्हणजे ७८७ मिलिलिटर. तांब्याभर जागा. तिच्यात ३००० पीएसआयने हवा भरली की खोलीतली दीडशे लिटरहून जास्त हवा त्या तांब्यात बसते. भरल्यावर टाकी पावणेदोनशे-दोनशे ग्रॅमने जड होते. हवेला वजन असतं हे शाळेत पाठ केलं होतं, हातात घेऊन कळलं आज.

खेळाडूंचा ठोकताळा असा: ३०००च्या टाकीत घन इंचामागे १० गोळ्या, ४५००च्या टाकीत १५. म्हणजे ४८/३००० वर ४८०च्या घरात, ६८/४५०० वर हजाराच्या. मार्कर उधळ्या असेल तर कमी.

भाच्याचा हात अर्थातच ६८/४५०० कडे गेला. त्याचं चुकलं असंही नाही. ४८ची टाकी अ‍ॅल्युमिनियमची, मीटर आणि रेग्युलेटर धरून दीड किलोच्या आसपास. ६८ची कार्बनची टाकी मोठी असून उलट हलकी, सव्वा किलोच्या आतबाहेर. दिवसभर मार्कर खांद्याशी धरणाऱ्याला तो पाव किलो संध्याकाळी कळतो. किंमत मात्र एकीची ६० डॉलर, दुसरीची १८०.

मी त्याला म्हटलं, "आधी बाहेर जाऊन नळीवरचा आकडा वाचून ये."

(दृश्य: हवा भरायची जागा. काळी नळी, पितळी जोड, भिंतीवर मीटर.)

सगळी गोम या नळीत आहे. तिच्यावर पिवळ्या पट्टीत लिहिलंय: ३०००. बस्स. मोठ्या मैदानांवर ४५००चा कॉम्प्रेसर असतो, इथे नाही. म्हणजे ४५००ची टाकी इथे ३००० पर्यंतच भरणार, हजाराच्या जागी पावणेसातशे गोळ्या देणार. ४८च्या टाकीपेक्षा त्या दोनशेने जास्त, पण तिप्पट पैसे मोजून. आणि दिवसभराच्या तिकिटात हवा कितीही वेळा भरून मिळते.

आपण माणसं टाकी विकत घेतो तेव्हा आकार बघतो, रंग बघतो. ती भरणार कोण, किती दाबाने आणि घरापासून किती लांब, हे विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच. भाचा वर्षातून पाच-सहा वेळा येतो, तेही याच मैदानावर. स्पर्धा खेळणारा असता, जिथे मधे उठून हवा भरायला वेळ नसतो, तर मीच त्याला ६८ घे म्हटलं असतं.

एक गोष्ट मोठ्या टाकीच्या बाजूने सांगायलाच हवी. टाकीतली सगळी हवा कामाला येत नाही. रेग्युलेटर बाहेर साधारण ८०० ते ८५० पीएसआय सोडतो. आतला दाब त्याखाली गेला की रेग्युलेटर धरणार काय? गोळ्या ढेपाळायला लागतात. म्हणजे तळाचे आठशे नुसते वाहून न्यायचे. हे आठशे ३००० मधून गेले तर जास्त टोचतात, ४५०० मधून गेले तर कमी. काही टाक्यांचा रेग्युलेटर साडेचारशेच सोडतो, त्यांच्यात आणखी खालपर्यंत हवा वापरता येते. पण आपल्या मार्करला तेवढा दाब पुरतो का, ते आधी बघायचं.

(दृश्य: टाकीचा गळा, अगदी जवळून.)

आता हा गळा नीट बघा. रुपयाच्या नाण्याएवढा मीटर. त्याच्या बाजूला पितळी टोक, यातून हवा भरतात. आणि या दोन छोट्या षटकोनी पुळ्या. कुकरच्या झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आठवतो? काम तेच. आत धातूची पातळ चकती असते. दाब हाताबाहेर गेला तर टाकी फुटण्याऐवजी चकती फुटते, हवा कर्कश आवाज करत निघून जाते. ३०००च्या टाकीला भरण्याच्या बाजूची चकती ५००० पीएसआयची असते, ४५००च्या टाकीला ७५००ची. एकीची दुसरीला लावायची नाही. चकती बदलणं म्हणजे कुकरची रिंग बदलणं नव्हे, ते जाणत्याच्याच हातून.

आणि तेल. आपल्या घरांत काहीही कुरकुरलं की "दोन थेंब तेल सोड" हा पहिला उपाय. भाच्याच्या बाबांनीही शिलाई मशिनच्या तेलाची कुपी काढली होती. या पितळी टोकात तेलाचा थेंबही जाता कामा नये. हजारो पीएसआयची हवा एकदम आत घुसते तेव्हा ती तापते, आणि तापलेल्या दाबलेल्या हवेत तेल पेट घेऊ शकतं. डिझेल इंजिन चालतं ते याच तत्त्वावर.

अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीच्या खांद्यावर अक्षरं ठोकलेली असतात. अमेरिकेत ३एएल असं लिहिलेलं दिसतं, मग दाब, मग महिना आणि वर्ष. ती चाचणीची तारीख. दर ५ वर्षांनी टाकी पाण्याच्या चाचणीला जाते. टाकीच्या आत पाणी, बाहेरही पाणी, आणि दाब नेहमीच्या पावणेदोनपटीच्या जवळ, ३०००च्या टाकीला ५०००. टाकी किंचित फुगते, बाहेरचं पाणी तेवढं सरकतं, ते मोजतात. दाब काढल्यावर टाकी जवळपास पहिल्या मापावर आली तर पास. फुगलेली राहिली तर भंगार. हवेने चाचणी का करत नाहीत? पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे टाकी फाटलीच तर नुसती चिरते. हवा असती तर बॉम्ब झाला असता.

कार्बन डायऑक्साइडची जुनी बाटली कुणी घेत असेल तर आणखी एक. मार्करमधून बाटली सोडवताना कधी कधी बाटली तिच्या व्हॉल्व्हमधूनच सुटायला लागते, आणि मग ती रॉकेटसारखी उडते. अमेरिकेत यात माणसं दगावली आहेत. जुने खेळाडू व्हॉल्व्ह आणि बाटली दोन्हींवरून नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढतात. बाटली फिरवताना ती रेघ तुटलेली दिसली की हात जागीच थांबवायचा.

(दृश्य: भाचा दुकानाच्या गल्ल्यावर.)

४८च्या टाकीचे पैसे देताना भाच्याने विचारलं, "मावशी, तू पुण्याला जाशील तेव्हा अशी एक दादासाठी नेशील?" त्याचा आत्येभाऊ लोणावळ्याला जाऊन खेळतो. तिथे मार्कर भाड्याचा, टाकी त्याला आधीच लावलेली, पैसे गोळ्यांवर. दादाने टाकीवरची तारीख कधी वाचली असेल असं वाटत नाही. वाचायला हवी.

नेणं सोपं नाही. विमानात टाकी न्यायची तर व्हॉल्व्ह पूर्ण काढून, आत दिसेल अशी उघडी न्यावी लागते. आणि भारतात ५०० मिलिलिटरच्या वरची दाबाची टाकी गॅस सिलिंडर नियमांखाली येते. तिला मान्यता हवी, आणायला परवाना हवा, आणि ते देणाऱ्या पेसो या सरकारी संस्थेचं मुख्य कार्यालय आहे आपल्या नागपुरात. आपली तांब्याएवढी टाकी ७८७ मिलिलिटरची. "दादाला टी-शर्ट नेते," मी म्हटलं.

(दृश्य: दुपार. हवा भरायची रांग.)

जेवणाची सुट्टी. मीटरचा काटा ९०० वर आलाय. तोच पोरगा टाकी हातात घेतो, फिरवतो, तारखेवर अंगठा ठेवतो. या वेळी मान हलवतो. पितळी टोक फडक्याने पुसतो, नळी खटकन बसवतो, चावी हळूहळू उघडतो. आवाज सुरू होतो, जाड, अखंड. भाचा टाकीवर तळवा ठेवून उभा आहे. ती गरम होत चालली आहे. काटा ३००० ला टेकतो. पोरगा चावी बंद करतो, नळीतली उरलेली हवा फुस्सकन सोडतो, मगच नळी काढतो.

भाचा बाकावर येऊन बसतो, टाकी शेजारी उभी. पाच मिनिटांनी काटा २८०० वर. गळती नाही. भरताना तापलेली हवा निवली की दाब उतरतो, म्हणून घाईने भरलेली टाकी भरलेली नसतेच. तो उठून पुन्हा रांगेत उभा राहतो. पुढचा मुलगा वळून टाकीकडे बघतो, काटा बघतो, आणि भरलेली टाकी घेऊन हा इथे का उभा, असा चेहरा करतो.

भाचा हात लावून बघतो. "थोडी गरम आहे अजून," म्हणतो, आणि त्याला पुढे जाऊ देतो.