द्राक्षबागांचे गट संगणक कसे पाडतो

(दृश्य: दिंडोरी-निफाडचा नकाशा, प्रत्येक बागेचा एक ठिपका)

गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणी, झाली की नाशिकच्या बागायतदाराला डाउनी या बुरशीजन्य रोगाची धास्ती असते. फवारणीचा सल्ला अख्ख्या जिल्ह्याला एकच देऊन भागत नाही. बाग कुठे आहे आणि छाटणीला किती दिवस झाले, ते बघून गट पाडावे लागतात. डेटा मायनिंगमधलं, म्हणजे मोठ्या माहितीतून उपयोगाचं शोधून काढण्याच्या शास्त्रातलं, हेच क्लस्टर ॲनालिसिस.

पहिली चूक गणिताच्या आधीच होते. अक्षांश-रेखांश तसेच घातले, तर दोन बागांतलं अंतर जेमतेम 0.2 अंश भरतं, छाटणीतला फरक मात्र 20 दिवस. मग गट नुसत्या तारखेवर पडतात. म्हणून आधी किलोमीटर करा: नाशिकजवळ अक्षांशाचा एक अंश सुमारे 111 किलोमीटर, रेखांशाचा सुमारे 105. किती किलोमीटर किती दिवसांच्या तोलाचे धरायचे, हे मात्र द्राक्षातल्या जाणकारानेच ठरवावं.

(दृश्य: ठिपके रंग बदलतात)

गट पाडायची एक पद्धत म्हणजे के-मीन्स. तिला गटांची संख्या आधी सांगावी लागते. प्रत्येक गटाला एक केंद्र धरायचं, प्रत्येक बाग जवळच्या केंद्राला जोडायची, केंद्र त्या बागांच्या सरासरीवर सरकवायचं, सगळं स्थिरावेपर्यंत हेच करायचं. लाखो नोंदी झपाट्याने होतात. पण ही पद्धत गट गोलसर धरून चालते. कादवा नदीच्या काठचा लांबट पट्टा ती मधोमध तोडते. सुरुवातीची केंद्रं बदलली की उत्तरही बदलतं, म्हणून निदान 10 वेळा चालवून सर्वांत घट्ट गट ठेवावेत.

दुसरी, श्रेणीबद्ध पद्धत जोडीजोडीने अंतर मोजते आणि जवळचे गट टप्प्याटप्प्याने जोडत जाते. गावापासून तालुक्यापर्यंत हव्या त्या पातळीवर गट मिळतात, पण 10,000 बागांच्या जोड्या होतात सुमारे 5 कोटी. लाखभर बागांना साधा लॅपटॉप पुरत नाही.

तिसरी पद्धत, 1996 सालची डीबीस्कॅन, बागांची दाटी बघते. तिला त्रिज्या आणि त्या त्रिज्येत किमान किती बागा हव्यात, एवढंच सांगायचं. लांबट पट्टा अखंड राहतो, एकटी बाग वेगळी काढली जाते. त्रिज्येसाठी प्रत्येक बागेचं चौथ्या शेजाऱ्यापर्यंतचं अंतर चढत्या क्रमाने मांडा. आलेख जिथे एकदम वर वळतो, तिथली किंमत घ्या. अडचण एकच, पण मोठी: दाट पट्ट्याला जमलेली त्रिज्या विरळ भागातल्या सगळ्याच बागा गटाबाहेर टाकते. तिथे एचडीबीस्कॅन, म्हणजे वेगवेगळ्या दाटीचे गट ओळखणारी तिची पुढची आवृत्ती, वापरावी.

या कामासाठी आधी जागेवरून डीबीस्कॅन, मग प्रत्येक गटात छाटणीच्या दिवसांवरून पोटगट, हा क्रम आम्हाला योग्य वाटतो. तपासताना सिल्हूएट गुणांकावर, म्हणजे गट एकमेकांपासून किती नीट वेगळे पडले ते सांगणाऱ्या आकड्यावर, विसंबू नका. तो गोलसर गटांना झुकतं माप देतो. त्याऐवजी गट उघडून बघा. छाटणीला 15 दिवस झालेली आणि 40 दिवस झालेली बाग एकत्र आली असेल, तर तो गट फवारणीच्या कामाचा नाही.