चालता चालता बोलता येतं का?

तुम्ही मंडळी आत येत होतात तेव्हा मी दाराशी उभी होते, आणि खरं सांगायचं तर तुमच्या पायांकडे बघत होते. फिजिओथेरपिस्टची खोड आहे ती. बरोबरच्या माणसानं काही विचारलं की काहीजण चालता चालताच उत्तर देत होते. काहीजण मात्र थांबायचे, बोलून घ्यायचे आणि मग पुन्हा पाऊल उचलायचे. आज त्या थांबणाऱ्यांबद्दल बोलायचं आहे. नावं घेणार नाही, घाबरू नका.

स्वीडनमधल्या संशोधकांनी नेमकं हेच टिपलं आणि 1997 साली प्रसिद्ध केलं. निवासी संस्थेत राहणारे 58 वृद्ध होते. त्यांच्याबरोबर चालायचं आणि मध्येच गप्पा सुरू करायच्या, एवढीच चाचणी. ना यंत्र, ना रक्त काढणं. 12 जण बोलण्यासाठी थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या 12 पैकी 10 जण पडले.

असं का व्हावं? चालणं हे पायांचं काम, असं आपण धरूनच चालतो. तरुणपणी ते बरंचसं आपोआप होतंही. पुढे तळपायांची जाणीव बोथट होते, नजर कमी होते, कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा मंदावते, मांड्यांतली ताकद उतरते. मग पाऊल कुठे आणि कसं टाकायचं यात मेंदूला जातीनं लक्ष घालावं लागतं. आणि लक्ष काही अमाप नसतं. ते बोलण्यात गेलं की चालण्याला कमी पडतं. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणणाऱ्यांनी पायांचा हिशेब केलाच नव्हता!

मग व्यायामानं बुद्धी शाबूत राहते का? इथे मी जरा हात राखून बोलणार आहे. 2011 साली अमेरिकेत 120 वयस्क माणसांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्मे लोक आठवड्यातून तीन दिवस 40 मिनिटं भरभर चालायचे, बाकीचे ताण देण्याचे हलके व्यायाम करायचे. वर्षानंतर चालणाऱ्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मरणशक्तीशी निगडित भाग, सुमारे 2 टक्के वाढलेला दिसला. दुसऱ्या गटात तो 1.4 टक्के आक्रसला होता. ही बातमी तुम्ही कुठेतरी वाचली असेलच. पण नंतर 70 ते 89 वयाच्या 1,635 बैठ्या लोकांवर दोनेक वर्षांचा मोठा प्रयोग झाला, त्याबद्दल कुणी फारसं सांगत नाही. व्यायाम करणाऱ्यांत 400 मीटर चालणं अशक्य होण्याचं प्रमाण स्पष्टपणे घटलं. स्मरणाच्या आणि विचारांच्या चाचण्यांत मात्र दोन्ही गट सारखेच निघाले. फक्त ऐंशी ओलांडलेले आणि सुरुवातीलाच अशक्त असलेले, यांना नियोजन करणं, एका कामावरून दुसऱ्याकडे लक्ष वळवणं यात थोडा फायदा दिसला.

म्हणून ‘चाला आणि विस्मरण टाळा’ अशी हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण पाय टिकवता येतात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आणि पाय टिकले तर माणूस बाहेर पडतो, चार माणसांत बोलतो, रस्ते लक्षात ठेवतो. मेंदूला ते काम कमी नाही.

आता जरा खुर्चीच्या कडेला सरका. ज्यांना चक्कर येते किंवा ज्यांचं हल्ली ऑपरेशन झालंय, त्यांनी बसूनच मोजायचं. बाकीच्यांनी हात छातीवर दुमडायचे. 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून खाली बसता येतं, बघू. तिसऱ्या रांगेतले काका, हात! हातांचा आधार घेतला तर शून्य धरतात. (हशा) पासष्ट ते एकोणसत्तर वयाच्या पुरुषांना बारापेक्षा आणि बायकांना अकरापेक्षा कमी जमलं, तर ते सरासरीच्या खाली मानतात.

कमी आलं त्यांनी खट्टू होऊ नका. 1990 साली बोस्टनमध्ये शुश्रूषागृहातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना पायांनी वजन उचलायला लावलं होतं. आठ आठवड्यांत त्यांच्या मांड्यांची ताकद पावणेतीन पट झाली, दोघांनी तर काठी सोडली. उलट बाजूही ऐका: धडधाकट वयस्क माणसं दहा दिवस अंथरुणात पडून राहिली तर पायांतलं जवळजवळ किलोभर मांस झडतं. आजारपणानंतर ‘आता पडून राहा’ हा प्रेमाचा सल्ला कधीकधी फार महाग पडतो.

नुसतं चालणं पुरत नाही, हे लोकांना पटवताना माझी दमछाक होते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटांची मध्यम हालचाल सांगतेच, पण पासष्टीनंतर तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस हवेत असंही सांगते. ओट्याला किंवा भिंतीला हात टेकवून एका पायावर उभं राहणं, टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालणं, हे त्यातलेच. ते जमू लागलं की त्यात डोकं घाला. शंभरातून तीन तीन वजा करत चाला, नाहीतर आठवड्याचे वार उलटे म्हणा. हे घरात, भिंतीजवळ, सोबत कुणी असताना. रस्त्यावर नाही. आकडा चुकला तर चुकू द्या, पाऊल चुकू देऊ नका. गाण्याच्या ठेक्यावर ठरावीक पावलं टाकत नाचणं मला यापेक्षाही आवडतं, कारण त्यात पावलं आठवायची, ताल धरायचा आणि शेजाऱ्याला धक्का लागू द्यायचा नाही, हे सगळं एकदम करावं लागतं.

मागून एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: ‘एकदा पडले, तेव्हापासून भीती वाटते, बाहेर जातच नाही.’ ताई, भीती खोटी नाही. पण घरात बसून पाय आणखी उतरतात आणि पडण्याचा धोका वाढतो. आधी डॉक्टरांकडून रक्तदाब, डोळे आणि चालू असलेल्या गोळ्या तपासून घ्या. झोपेच्या गोळ्यांनी तोल जातो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मग उद्या सकाळी, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून पाच वेळा उठा. हातांचा आधार घेतलात तरी चालेल.