तलाव भरला म्हणजे झालं? वढवाणा, विश्वामित्री आणि बदललेला पाऊस

नमस्कार मंडळी! आत्ता मी वढवाणा तलावाच्या पाळीवर उभी आहे, बडोद्याजवळ, डभोई तालुका, आणि थंडीत इथे बडोद्याचा अर्धा दांडिया बाजार पक्षी बघायला येतो हे तुम्हाला माहितीच आहे. गायकवाडांच्या काळात, 1910 च्या सुमारास शेतीसाठी बांधलेला तलाव, पाणी ओरसंग नदीचं, आणि 2021 पासून रामसार साइट. म्हणजे पाणथळ जागांच्या जागतिक यादीत नाव!

आता लोक म्हणतात, यंदा पाऊस चांगला झाला ना, मग टेन्शन कसलं? अहो, पाऊस किती पडला एवढंच बघून चालत नाही, तो कधी आणि कसा पडला हेही बघावं लागतं. हवा एक डिग्री तापली की साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते, म्हणजे एकीकडे तलावातलं पाणी लवकर उडणार आणि दुसरीकडे पडेल तेव्हा धो धो पडणार, मधे नुसता कोरडा गॅप. आणि असे तलाव उथळ, पसरट, त्यामुळे ऊन लागलं की पाणी भराभर आटतं.

हा काठ बघा, कॅमेरा जरा खाली घेते. हा ओला चिखल दिसतोय ना, यातच किडे, गोगलगायी, सगळं जेवण. शेकाट्या पक्षी लांब पायांवर इथेच चोच खुपसत फिरतात, पट्टकदंब, म्हणजे डोक्यावर पट्टे असलेले हंस, हिमालय ओलांडून येतात आणि काठावरचं गवत चरतात. पाणी काठोकाठ राहिलं तर हा चिखल बुडतो, लवकर आटलं तर तडे जातात, आणि पक्षी येतात ते आपल्या ठरलेल्या वेळेला, त्यांना कोण कळवणार?

आता बडोदा शहरात या. ऑगस्ट 2024, विश्वामित्री नदी 25 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 35 च्या वर गेली, नदीतल्या मगरी सोसायट्यांमध्ये! पाऊस प्रचंड होता, मान्य, पण नदीकाठची कोतरं, म्हणजे घळी, आणि सखल जागा हेच पुराचं पाणी थोपवतात, मग हळूहळू सोडतात, थोडं जमिनीत मुरवतात. तिथे आपण भराव टाकला, वर बिल्डिंगी बांधल्या, आणि मग सगळं खापर हवामानाच्या डोक्यावर, हे मला तरी पटत नाही.

अजून एक, पाणथळ जागेचा चिखल तापला की त्यातले जीवाणू जास्त मिथेन सोडतात, म्हणजे गरमीत अजून भर. ते प्रकरण मोठं आहे, पुढच्या व्हिडिओत घेते.