तेरा चिंचोके आणि तीन बाटल्या पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

थंडी पडली की पुण्यातल्या घराघरांतून एक वाक्य ऐकू यायला लागतं, 'आई, शनिवारी आम्ही के टू एस करतोय.' के टू एस म्हणजे कात्रज ते सिंहगड. मला स्वतःला पूर्ण नाव घ्यायला आवडतं. एका टोकाला घाट, दुसऱ्या टोकाला 1670 साली तानाजी मालुसरे जिथे पडले तो गड. ही नावं तोंडभर घ्यावीत.

वाट सांगतो. जुन्या कात्रज बोगद्यापाशी वाघजाईच्या देवळाजवळून चढायचं आणि भुलेश्वर रांगेची धार धरून पश्चिमेकडे निघायचं. अंतर 15-16 किलोमीटर. अंतर फार नाही, पण मध्ये तेरा टेकड्या आहेत. एक चढायची, खिंडीत उतरायची, पुन्हा पुढची चढायची. चढून कमावलेली उंची दर अर्ध्या तासानं परत द्यावी लागते. समोर सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा सकाळपासून दिसत असतो आणि दुपारपर्यंत तेवढाच लांब दिसतो. पुष्कळ जण पौर्णिमेच्या रात्री जातात. मी दिवसा जाणाऱ्यांपैकी. पहाटे निघालात तर सकाळी ऊन पाठीवर असतं, दुपारनंतर तोंडावर येतं. आणि एक विनंती, गाणी वाजवणारे ते डबे घरी ठेवा. माळावर चंडोल गात असतो, त्याला गाऊ द्या.

आता महत्त्वाचं. धारेवर पाणी नाही. पुन्हा सांगतो, वाघजाईपासून सिंहगडाच्या डांबरी रस्त्यापर्यंत पाण्याचा भरवसा नाही. जे न्याल तेवढंच.

हे मला कुणी शिकवलं, तर माझ्या आत्यानं.

1996 चा डिसेंबर. आम्ही सहा जण निघालो होतो. आदल्या दिवशी आत्या घरी आली आणि म्हणाली, 'मीही येते रे.' तिचं वय तेव्हा 59. जन्मभर प्राथमिक शाळेत पहिलीचा वर्ग घेतलेला. मी म्हटलं, 'आत्या, तेरा टेकड्या आहेत.' ती म्हणाली, 'तेरा ना? मग मोजता येतील.' रात्री ती स्वयंपाकघरात बसली. एक लिटरच्या तीन बाटल्या भरल्या, घरातलं स्टीलचं छोटं फुलपात्र घेतलं आणि एकेक फुलपात्र पातेल्यात ओतत मोजलं. बरोबर तेरा फुलपात्री भरली, वर घोटभर उरलं. मग तिनं बटव्यात तेरा चिंचोके टाकले. चिंचोके तिच्याकडे असायचेच, चाळीस वर्षं पोरांना बेरीज-वजाबाकी तिनं त्यांच्यावरच शिकवलेली. आजही माझं म्हणणं आहे की पहिलीच्या मुलाच्या हातात आधी चिंचोके द्यावेत, पडद्यावरचे आकडे नंतर. हाताला वजन कळलं की संख्या कळते. असो.

पद्धत अशी, माथा आला की बसायचं, एक चिंचोका बटव्याच्या या कप्प्यातून त्या कप्प्यात, आणि एक फुलपात्र पाणी. मध्ये काही नाही. पायात माझ्या धाकट्या भावाचे कॅनव्हासचे बूट, आत दोन-दोन मोजे. आम्ही पुढे पळायचो, दमून बसायचो, घटाघटा पाणी प्यायचो. तेवढ्यात आत्या त्याच चालीनं मागून यायची. सहाव्या टेकडीवर माझ्या दोन्ही बाटल्या संपल्या. मी ते कुणाला सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही, दोन संत्री मात्र हातावर ठेवली.

घसाऱ्याबद्दल इथेच सांगून टाकतो. मुरमाड उतारावर वाळलेलं गवत असतं आणि त्यावरून बूट सटकतो. चढताना माणूस दमतो, पडतो तो उतरताना. पाय आडवा ठेवा, घाई करू नका.

दुपारी साडेतीनच्या सुमाराला आम्ही शेवटच्या टेकडीवर आलो. मनोरा आता खरंच जवळ होता. तिथे एक पोरगा बसला होता, अठरा-एकोणीस वर्षांचा. दोन्ही पोटऱ्यांत गोळे, ओठ पांढरे पडलेले, बाटली रिकामी. बरोबरचे पुढे निघून गेले होते. आमच्यातल्या एकाकडेही थेंब नव्हता. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.

आत्यानं बटवा उघडला. ही शेवटची टेकडी, म्हणजे एकच चिंचोका उरायला हवा होता. निघाले तीन. तिनं पुन्हा मोजले. एक या माथ्याचा, तो तिकडे गेला. दोन उरले. बाटली उन्हात धरली, तीन फुलपात्री पाणी होतं. स्वतःचं एक ती प्यायली, त्यात तिनं कसर केली नाही. उरलेल्या पाण्यात साखर, मीठ, लिंबू घातलं आणि त्या पोराला म्हणाली, 'हळू पी. एक आत्ता, एक दहा मिनिटांनी.' आम्ही त्याच्या पोटऱ्या चोळल्या. अर्ध्या तासानं तो उठला. 'आजी, तुम्हाला?' त्यानं विचारलं. आत्या म्हणाली, 'माझं पिऊन झालंय. हे हिशेबातलं उरलेलं आहे.'

गडावर पिठलं-भाकरी झाली, मडक्यातलं दही झालं. दही मडक्यातच खावं, प्लास्टिकच्या वाटीत ते नुसतं आंबट लागतं. पण आत्याचं जेवणात लक्ष नव्हतं. उतरताना जीपमध्ये ती एकदम म्हणाली, 'अरे, आपण दोन माथे चुकवलेत.'

ते खरं होतं. या धारेवर कुठे कुठे मळलेली वाट माथ्यावर न जाता खालून आडवी निघते. पाय आपोआप तिकडे वळतात. म्हणून तर कुणी बारा टेकड्या सांगतं, कुणी तेरा, कुणी चौदा. मी म्हटलं, 'आत्या, पोचलो ना गडावर?' ती म्हणाली, 'पोचलो. पण दोन घरांच्या दारावरून गेलो आणि आत डोकावलो नाही.'

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी आम्ही परत गेलो. दोघंच. बटव्यात पुन्हा तेरा चिंचोके, पाठीवर तीन बाटल्या. या वेळी मीही तीन घेतल्या होत्या आणि माझंही फुलपात्र होतं. आडवी वाट फुटली की आत्या थांबायची, वर बघायची आणि धार धरायची. त्या दोन माथ्यांवर वाट अशी नाहीच. गुडघाभर गवत, मोज्यांत कुसळं, हाताला कारवीच्या काटक्या.

दुसऱ्या माथ्यावर पोचलो आणि मला कळलं आपण काय चुकवलं होतं. आडव्या वाटेवरून एकच बाजू दिसते. माथ्यावरून दोन्ही. उजव्या हाताला खडकवासल्याचं पाणी आणि त्यामागे पुणं, डाव्या हाताला शिवगंगेचं खोरं, साताऱ्याचा रस्ता, मागे पुरंदर, पुढे राजगड आणि तोरणा. ती बराच वेळ काही बोलली नाही. चिंचोका तेवढा त्या कप्प्यातून या कप्प्यात गेला.

मग तिनं मला विचारलं, पहिलीच्या मुलाला विचारावं तसं, 'इथे पाऊस पडला तर या अंगाचं पाणी कुठे जाईल?' मी म्हटलं, 'मुठेत. मुठेतून भीमेत.' 'आणि त्या अंगाचं?' 'शिवगंगेतून नीरेत.' 'आणि नीरा?' मी थांबलो. आमचं कुलदैवत नीरा-नरसिंहपूरचं. लहानपणापासून दरवर्षी त्या संगमात पाय बुडवलेले, भीमा आणि नीरा जिथे एक होतात तिथे. या धारेवरचं पाणी दोन वाटांनी जाऊन आमच्या देवाच्या दारात भेटतं, हे मला पस्तिसाव्या वर्षी त्या गवतात उभं राहून कळलं.

आत्यानं फुलपात्र भरलं. दिवसभर थेंबन् थेंब मोजणारी बाई ती. अर्धं प्यायली. राहिलेल्यातलं थोडं उजवीकडे ओतलं, थोडं डावीकडे, आणि तिळगुळाचा डबा उघडला.