मदत सातबाराला मिळाली, कसणाऱ्याला नाही

(ठाण्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

कोरोनाची टाळेबंदी लागली तेव्हा, २६ मार्च २०२० ला, केंद्राने गरीब कल्याण पॅकेज जाहीर केलं. त्यात शेतकऱ्याच्या खात्यावर दोन हजार रुपये होते. ते जादाचे पैसे नव्हते, हे आधी सांगतो. पीएम-किसान या केंद्राच्या शेतकरी मदत योजनेचे वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात, त्यातला २०२०-२१ चा पहिला हप्ता एप्रिलच्या सुरुवातीलाच सोडला. लवकर सोडला हे चांगलंच केलं. घरात रोकड नसताना दोन हजारांचाही आधार होतो. पण तो हप्ता गेला कोणाच्या खात्यात?

मुरबाड-शहापूरकडे उन्हाळी भेंडी होते. ती एक दिवसाआड तोडावीच लागते. दोन तोडे चुकले की शेंग जून होते, व्यापारी हात लावत नाही, आणि झाडावरच राहिली तर पुढची फूलधारणाही मंदावते. म्हणजे गिऱ्हाईक असो वा नसो, पहाटे तोडणी चालू ठेवायची. टाळेबंदीत आठवडे बाजार बंद, टेम्पो मिळेना. मे महिन्यात ११ ते १७ तारखेपर्यंत वाशीचं घाऊक मार्केटही बंद राहिलं. बियाणं, खत, पंपाचं डिझेल उधारीवर आणलेलं. हा सगळा फटका बसला तो रान कसणाऱ्याला, आणि आपल्याकडे कितीतरी रानं खंडाने, म्हणजे ठरलेल्या भाड्याने, नाहीतर निम्म्या वाट्याने कसली जातात. मालक कल्याणला, डोंबिवलीला, इथे ठाण्यात. हप्ता मात्र सातबारावरच्या नावाने येतो. मालक आयकर भरत असेल तर तो योजनेत बसत नाही, पण म्हणून ते पैसे कसणाऱ्याकडे वळत नाहीत. ते कोणालाच मिळत नाहीत.

यात मालकाला खलनायक ठरवणं मला मान्य नाही. त्याची भीती खरी आहे. १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारं कूळ तिचं मालक ठरलं तो दिवस, आपल्या आजोबांच्या पिढीने पाहिला. त्या कायद्याने हजारो कुळांना जमीन मिळाली, ते न्यायाचंच होतं. पण तेव्हापासून कागद केला की जमीन गेली, ही धास्ती घराघरात बसली. म्हणून व्यवहार तोंडी, दरवर्षी माणूस बदललेला. कब्जेदाराशिवाय, म्हणजे सातबारावर नाव असलेल्याशिवाय, दुसरा कोणी जमीन करत असेल तर त्याच्या नोंदीसाठी गाव नमुना सात-ब आहे. तिथे नाव लावून घ्यायला मालकही तयार नसतो आणि कसणाराही पुढच्या वर्षीचं रान जाईल म्हणून गप्प बसतो. तलाठ्याकडे नोंदच नसेल तर संकटात सरकार यादी कुठून आणणार?

राज्याच्या खावटी अनुदान योजनेत निकष वेगळे होते. आदिवासी कुटुंबाला चार हजार, निम्मे खात्यावर, निम्मे धान्य-किराण्याच्या रूपात. त्यात रोजगार हमीवर काम केलेले मजूर होते, भूमिहीन होते, कातकरी होते. जमिनीऐवजी माणूस मोजला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दुर्दैवाने निर्णय सप्टेंबर २०२० चा आणि बऱ्याच पाड्यांवर वाटप झालं ते २०२१ मध्ये. भूक त्याच्या कितीतरी आधी लागली होती.

नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने २०१६ मध्येच शेतजमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा मांडला. मालकी मालकाकडेच सुरक्षित, आणि लेखी कराराच्या आधारे कसणाऱ्याला कर्ज, पीकविमा, आपत्तीची मदत. आपल्या आमदारांकडे मागायची ती ही गोष्ट. आणि या सभागृहात ज्यांची गावाकडे जमीन आहे, त्यांनी यंदा भाताची लावणी कोण करणार हे ठरवताना एक साधा लेखी करार करावा, मुदत आणि खंड त्यात घालून. वकिलाला दाखवून करा, पण करा.