मिठाचा पिवळा पडदा

(दृश्य: गॅसवर भाताचं पातेलं)

भातात मीठ पडलंय. उकळी आली, पाणी उतू गेलं आणि बर्नरची निळी ज्योत क्षणात पिवळीधमक झाली. ही मिठातल्या सोडियमची खूण, स्वयंपाकघरात रोज दिसणारी.

(दृश्य: प्रयोगशाळेतील ज्योत परीक्षण)

प्रयोगशाळेत हेच जरा शिस्तीत चालतं. प्लॅटिनमची तार हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवायची, ज्योतीत धरायची. ज्योतीला रंग येईनासा होईपर्यंत पुन्हा पुन्हा. मग तारेच्या टोकावर क्षाराचा कण. कॅल्शियम असेल तर विटकरी, बेरियम असेल तर पोपटी, तांबं असेल तर हिरवट निळी ज्योत. उष्णतेनं अणूतले इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर चढतात आणि खाली उतरताना ती ऊर्जा प्रकाशाच्या रूपात टाकून देतात. या पातळ्यांमधली अंतरं प्रत्येक धातूची आपापली, म्हणून रंगही आपापला.

पंचाईत होते ती पोटॅशियमची. त्याचा जांभळा रंग मुळातच नाजूक. तारेला बोटाचा घाम लागला, तरी त्यातलं मीठ सगळं पिवळं करून टाकतं! मग ज्योत निळ्या कोबाल्ट काचेतून बघायची. पिवळा काचेत अडकतो, जांभळा पार होतो.

लिथियम आणि स्ट्रॉन्शियम मात्र दोन्ही लाल. तिथे काच काय करणार?

(दृश्य: हायडेलबर्ग)

जर्मनीतल्या या गावात रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बुन्सेन रंगीत काचांतून ज्योती न्याहाळत असत, तेही एकाच डोळ्यानं. उजवा डोळा आधीच एका स्फोटात गेला होता. सहकारी भौतिकशास्त्रज्ञ गुस्टाव किरखोफ यांनी सुचवलं, काच कशाला, लोलक वापरू. प्रकाश लोलकातून गेला आणि सरमिसळ झालेले रंग सुट्या रेषांमध्ये उलगडले.

मग दोघांनी खोलीच्या दूरच्या कोपऱ्यात ३ मिलिग्रॅम सोडियम क्लोरेट, म्हणजे सोडियमचा एक क्षार, स्फोटानं उडवलं. काही मिनिटांतच दुसऱ्या टोकाच्या ज्योतीत पिवळी रेषा झळकली. मीठ सगळीकडे का डोकावतं, ते यातून कळलं.

(दृश्य: निळ्या रेषा)

१८६० मध्ये जर्मनीतल्याच ड्यूर्कहाइम गावच्या झऱ्याच्या पाण्यात त्यांना दोन निळ्या रेषा दिसल्या. माहीत असलेल्या कुठल्याच धातूच्या नव्हत्या. नवं मूलद्रव्य! आकाशी रंगाच्या लॅटिन शब्दावरून नाव ठेवलं सीझियम. रेषा दिसल्या, पण पदार्थ हाती यायचा होता. त्यासाठी सुमारे ४४ टन पाणी आटवलं. मिळालं जेमतेम ७ ग्रॅम सीझियम क्लोराइड.