आडनावाला ढाल नसते

मंडळी, लंडनला किंवा एडिंबराला जाऊन आलेल्यांनी ही दुकानं पाहिली असतील. आडनाव सांगायचं, दुकानदार संगणकात शोधतो आणि थोड्या वेळात तुमच्या आडनावाची ढाल, वर शिरस्त्राण, खाली लॅटिन ब्रीदवाक्य, असं सगळं फ्रेममध्ये घालून हातात देतो. हवं तर चहाच्या मगवरसुद्धा छापून देतो. ती ढाल खोटी असतेच असं नाही. त्या आडनावाच्या कुणा एका माणसाला ती कधीतरी खरोखर मिळालेली असते. फक्त तो माणूस तुमचा कोण, हे दुकानदार विचारत नाही.

सगळी गोम इथेच आहे. इंग्लंडमध्ये कोट ऑफ आर्म्स, म्हणजे ढालीवरचं ते कुलचिन्ह, आडनावाला मिळत नाही. ते राजाच्या अधिकारानं एका माणसाला मिळतं आणि त्याच्या औरस वंशजांकडे बापाकडून मुलाकडे जातं. आपल्याकडे गावोगावी कुलकर्णी आहेत. एका कुलकर्ण्याला इनाम मिळालं म्हणून राज्यातले सगळे कुलकर्णी सातबारा मागायला गेले तर काय होईल? स्मिथ आडनावाचंही तेच. म्हणून ‘आमच्या घराण्याचं कुलचिन्ह कोणतं?’ हा प्रश्नच उलटा आहे. विचारायचं असं: माझ्या कोणत्या पूर्वजाला ते मिळालं, आणि मी त्याचाच वंशज आहे याचा कागद कुठे आहे?

कागद असतात कुठे? इंग्लंडपुरते लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्समध्ये, म्हणजे कुलचिन्हं देणाऱ्या आणि नोंदवणाऱ्या कचेरीत. सेंट पॉल्स कॅथीड्रलपासून चालत जाण्याइतकं जवळ. १४८४ मध्ये तिसऱ्या रिचर्डनं ही संस्था स्थापन केली. १६६६ च्या आगीत इमारत जळाली, दप्तर वाचलं. तिथले अधिकारी तेरा: तीन ‘किंग्ज ऑफ आर्म्स’, सहा ‘हेरल्ड’, चार ‘पर्सुइव्हंट’. पदांची नावं ऐकून नाटक कंपनी वाटते, पण काम कारकुनी आणि चोख आहे.

सोळाव्या आणि सतराव्या शतकात हे हेरल्ड राजाज्ञा घेऊन परगण्यापरगण्यांत फिरत. ढाल मिरवणाऱ्यांना बोलावून पुरावा मागत, वंशावळ उतरवून घेत. ज्याला पुरावा देता येत नसे, त्याच्याकडून ‘मी सभ्य घराण्यातला नाही’ असं लिहून घेत, आणि कधीकधी ते नाव बाजारात जाहीर करत. जुन्या घराण्यांसाठी या फेऱ्यांची दप्तरं म्हणजे खजिनाच आहे.

पण शंका तेव्हाही होत्याच. शेक्सपिअरचंच बघा. वडील जॉन हे स्ट्रॅटफर्डचे हातमोजे करणारे. १५९६ मध्ये त्यांच्या नावानं कुलचिन्ह मंजूर झालं: सोनेरी ढाल, तीवर तिरका काळा पट्टा आणि पट्ट्यावर भाला. माथ्यावर बहिरी ससाणा, त्याच्याही पायात भाला. मसुदे अजून कॉलेजात आहेत. पुढे १६०२ मध्ये कॉलेजातल्याच एका हेरल्डनं, राल्फ ब्रुकनं, तक्रार केली की वरिष्ठ नालायकांना ढाली वाटताहेत. यादीत ही ढालही होती, खाली शेरा ‘शेक्सपिअर, नट’. वरिष्ठांनी मंजुरी उचलून धरली. ब्रुकचा सूर मात्र आजही ओळखीचा वाटतो, कुठल्याही सरकारी कचेरीत ऐकू येईल असा.

आता शोधायचं कसं? दुकानातून नव्हे, स्वतःपासून मागे. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद १८३७ पासून आहे. त्याआधी चर्चची पुस्तकं, तीही १५३८ पासून सुरू. मधे मृत्युपत्रं. एक पिढी पक्की झाल्याशिवाय पुढची धरायची नाही. साखळी जुळली तर कॉलेजात त्या दिवशी पाळीवर असलेल्या अधिकाऱ्याला लिहायचं. शोधायचे पैसे पडतात.

घरातल्या चांदीच्या चमच्यावर ससाणा आहे, आजोबांच्या पुस्तकांवर ढालीचं लेबल आहे, हा पुरावा नव्हे. व्हिक्टोरियाच्या काळात छापखानेवाले चिन्हांच्या जाडजूड पुस्तकांतून आडनाव बघून चित्र उचलून देत. इतकंच काय, ढाल वापरण्यावर १७९८ पासून कर होता, तो १९४४ मध्ये उठला. कराची पावती सापडली की लोक नाचतात. पण हक्क नसलेलेही कर भरत होते! पावतीवरून वापर सिद्ध होतो, अधिकार नाही.

स्कॉटलंडची तऱ्हा वेगळी. तिथे लॉर्ड लायनचं, म्हणजे कुलचिन्हांच्या मुख्य अधिकाऱ्याचं, स्वतःचं न्यायालय आहे, १६७२ पासून सार्वजनिक नोंदवही आहे, आणि दुसऱ्याची ढाल वापरणं हा गुन्हा आहे. पोलंडमध्ये तर एकच चिन्ह वेगवेगळ्या आडनावांची अनेक घराणी वापरत. तेव्हा देश कोणता, हे आधी ठरवा.

आपल्याकडे याचं खरं उदाहरण आहे, आणि ते मुंबईकरांच्या रोजच्या तोंडी आहे: जे. जे. रुग्णालयातले ‘जे. जे.’, म्हणजे सर जमशेटजी जिजीभॉय. ते १८५७ मध्ये बॅरोनेट झाले, म्हणजे त्यांना वंशपरंपरेनं चालणारा किताब मिळाला. त्यांच्या ढालीवर सह्याद्रीचे घाट, त्यामागून उगवणारा सूर्य आणि वर उडणाऱ्या दोन मधमाश्या. शिरावर गव्हात उभा मोर, चोचीत ओंबी. ब्रीद ‘उद्योग आणि औदार्य’. जहाजांवर माल भरून पैसा मिळवला आणि रुग्णालयाला दिला, त्या माणसाला हे शोभतं. गंमत म्हणजे किताब ज्याच्याकडे जाईल त्यानं जमशेटजी जिजीभॉय हेच नाव घ्यायचं, असा कायदाच पुढे झाला. संस्थानिकांच्या ढालींची गोष्ट वेगळी. १८७७ च्या दिल्ली दरबारात त्यांना चिन्हांकित झेंडे दिले गेले, आणि ती चिन्हं बऱ्याच अंशी रॉबर्ट टेलर नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्यानं आखली. बडोद्यासारख्या घराण्यांची परंपरा जुनी, ढाल मात्र त्या मानानं कालची.

गोव्यात घरांच्या दारांवर दगडी ढाली दिसतात. तिथला अधिकार पोर्तुगालच्या राजाचा होता, म्हणून शोध लंडनला नव्हे, पणजीच्या आणि लिस्बनच्या दप्तरात घ्यायचा. लिस्बनचं जुनं दप्तर १७५५ च्या भूकंपात गेलं, ही अडचण मोठी आहे.

आणि काहीच सापडलं नाही तर? ब्रिटिश नागरिक असाल तर नवं कुलचिन्ह मागता येतं. अर्ज अर्ल मार्शलकडे, म्हणजे कॉलेजवर देखरेख ठेवणाऱ्या सरदाराकडे जातो, फी काही हजार पौंड. मंजुरी तुमच्या नावे मिळते, पुढे तुमच्या वंशाला. भावाच्या मुलांनाही हवं असेल तर वडिलांच्या सर्व वंशजांसाठी म्हणून अर्ज करण्याची सोय आहे. मात्र हे अर्जातच लिहावं लागतं, म्हणून भावाशी आधीच बोलून घ्या. निम्मी फीही त्याच्याकडूनच घ्या.